कोपरा फाडलेलं कार्ड

“पुढं वाच की, भामे. घशात काय अडकलं?” माई म्हणाल्या.

‘दवंडी’चं पहिलं पान माझ्या मांडीवर होतं आणि त्यातून हौसाबाई माझ्याकडं बघत होती.

रोज सकाळी दहाच्या सुमाराला मी माईंना पेपर वाचून दाखवायला जायचे. माई म्हणजे भाऊसाहेब रेठरेकरांच्या आई, आणि भाऊसाहेब म्हणजे ‘दैनिक दवंडी’चे मालक. मिरजेत मोठा छापखाना, सोलापुरात नवी आवृत्ती, कोल्हापुरात तिसरी काढायची बोलणी चाललेली. आमदार त्यांच्या दारात आधी चपला काढायचे आणि मग तोंड उघडायचे. आईला मात्र दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून लेकाचा पेपर तिला माझ्या तोंडून ऐकावा लागायचा.

आता माझं तोंड कसं, ते तुम्हाला ठाऊक आहे. विट्याच्या बाजारात दोन बैलांची झुंज लागली असं छापलेलं असलं, तर माझ्या वाचण्यात त्यातला एक बैल मामलेदार कचेरीत शिरायचा आणि साहेबांच्या खुर्चीवर बसून रवंथ करायचा. माई विचारायच्या, “हे छापलंय का तुझं?” मी म्हणायचे, “छापलंय त्याच्या शेजारीच होतं.” मग त्या पदर तोंडाला लावून हसायच्या. आमचा तो रोजचा खेळ होता. त्यात कुणाचं वाईट व्हायचं नाही, फार तर बैलाचं.

त्या दिवशी मी वाचलं ते असं: “बाळ पळवणारी बाई स्टँडवर रंगेहाथ सापडली. आंघोळ घालण्याच्या मिषानं घरोघर वावर. टोळीचा संशय.” खाली तीन कॉलम फोटो. हौसाबाईचा पदर डोक्यावरून घसरलेला, एका हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, दुसरा हात कुणीतरी धरलेला.

वाचून झाल्यावर माईंनी जपमाळ मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, “आज तू यात काही घातलं नाहीस.”

“नाही.”

“आपलीच हौसा का?”

“आपलीच.”

हौसाबाई माझ्या शेजारच्या चाळीत राहायची. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणं हा तिचा धंदा. लाकडी पाटावर पाय लांब करून बसायची, नडग्यांवर बाळ पालथं घालायची आणि तेलाच्या हातानं असं चोळायची की बाळाला आधी राग यायचा, मग झोप यायची. माझी तिन्ही पोरं तिच्या पायांवर न्हाली. भाऊसाहेबांचे दोन्ही मुलगेसुद्धा. तिच्या हाताला वेखंडाचा आणि धुपाचा वास कायमचा चिकटलेला. ती बाजारात भाजी घेत असली तरी जवळून गेलेल्या बाईला वाटायचं, इथं कुठंतरी बाळंतीण आहे.

झालं होतं ते एवढंच. स्टँडवर एक पोरसवदा बाई बाळ घेऊन बसली होती. तिला तांब्यात पाणी भरून आणायचं होतं. हौसाबाई शेजारी. “धरा जरा मावशी,” म्हणून ती गेली. बाळ रडायला लागलं, हौसाबाई उठून फेऱ्या मारायला लागली, आणि कुणीतरी ओरडलं. गर्दी जमली. ‘दवंडी’चा फोटोवाला तिथं मंत्र्याच्या गाडीची वाट बघत उभा होता, त्याला हा फोटो मिळाला. पोलीस दोघींनाही ठाण्यावर घेऊन गेले. बाळाच्या आईनं रडत-रडत सगळं सांगितलं, आणि तासाभरात फौजदारांनी हौसाबाईला हात जोडून घरी पाठवलं.

पेपर छापायला गेला तो त्याच्या चार तासांनंतर. कुणी ठाण्यावर जाऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर फोटो वाया गेला असता.

हौसाबाईकडं त्या वेळी अकरा घरं होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या घरी गेली तर बाळंतिणीची सासू दारातच म्हणाली, “आज नको, बाळाला सर्दी आहे.” दुसऱ्या घरीही सर्दी. हौसाबाई मला म्हणाली, “वैनी, अकरा घरी एकाच दिशी सर्दी झालीया. मिरजंत असली सर्दी म्या कधी बघितली न्हाई.” म्हणताना हसली. पण तेलाची वाटी तिनं चुलीजवळ तशीच गरम ठेवली होती.

आठ दिवस ती रोज तेल गरम करायची आणि बसून राहायची. नवव्या दिवशी कऱ्हाडहून तिच्या व्याह्यांचं पत्र आलं. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. तिची एकुलती लेक शालन, पहिलटकरीण, सातवा सरलेला. बाळंतपणाला माहेरी यायचं ठरलेलं. पत्रात होतं: “पेपरात आलेलं आम्ही वाचलं. आमचं नातवंड त्या घरात जन्माला येणार नाही. ते खोटं असेल तर पेपरातच छापून आणा. तसं आल्याबरोबर शालनला पाठवू.”

मी हेही एक अक्षर न बदलता वाचलं. बदलायचं मनात आलं होतं.

“म्या शेकड्यानं पोरं न्हाऊ घातली,” हौसाबाई म्हणाली. “माझ्या लेकीचं न्हाऊ घालीन म्हणून त्या परमेसराकडं मागून घेतलेलं, वैनी.” तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं. जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत.

मी तिला घेऊन भाऊसाहेबांकडं गेले.

भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांच्या वडिलांनी पायानं चालवायच्या मशिनीवर ‘दवंडी’ सुरू केली होती. ते मशीन त्यांनी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलं होतं, दसऱ्याला त्याला झेंडू वाहायचे. आम्ही गेलो तेव्हा ते फोनवर सोलापूरच्या माणसाला झापत होते. “लग्नाची बातमी माझ्या घरची आहे, आणि तुम्ही मला नवरीचं नाव खरं का म्हणून विचारता? त्या उपसंपादकाला उद्यापासून वर्गणी गोळा करायला लावा. माझ्या घरची बातमी आली की पहिल्या पानावर घ्यायची, विचारत बसायचं नाही. कळलं?” फोन ठेवला आणि आमच्याकडं वळून गोड आवाजात म्हणाले, “बोला भामाबाई. चहा घ्या. हौसा, बस की.”

हौसाबाई उभीच राहिली. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं.

“मला वाईट वाटतं,” ते म्हणाले. “पण असं आहे, की चूक छापायची आमच्याकडं पद्धत नाही. आज एक छापली तर उद्या शंभर जण रांगेत उभे राहतील. हिच्यासाठी म्हणून सहाव्या पानावर गुळाच्या भावाखाली तीन ओळी टाकायला सांगतो.”

“फोटो पहिल्या पानावर होता, भाऊसाहेब.”

“पहिलं पान बातमीसाठी असतं.”

“मग हिनं काही केलं नाही, ही बातमी नाही होय?”

ते हसले. चिडून नाही, लहान पोराला समजावतात तसं. “भामाबाई, निर्दोष तर सगळेच असतात. त्यात बातमी कसली? आणि लोक दोन दिवसांत विसरतात.”

तेव्हा हौसाबाई पहिल्यांदा बोलली. “माझ्या दारावरनं जाताना बाया पोरांस्नी या कडंवरनं त्या कडंवर घेत्यात, सायेब. रोज घेत्यात. इसरत न्हाईत.”

भाऊसाहेबांनी चहा ढवळला. आम्ही परत आलो. सहाव्या पानावर तीन ओळी आल्या. नाव चुकलं होतं. हौसाबाईऐवजी हिराबाई.

मी माईंना गुळाचे भाव वाचले आणि त्या खालच्या तीन ओळीही वाचल्या. त्यांच्या लेकानं मला काय-काय म्हटलं होतं तेही सांगितलं, त्याच शब्दांत. माईंचे हात जपमाळेवर होते, पण मणी पुढं सरकत नव्हते.

पुढच्या सोमवारी भाऊसाहेब दिल्लीला निघाले. देशभरातल्या पेपरवाल्यांची मोठी सभा होती आणि तिथं त्यांचं भाषण होतं. विषय काय, तर ‘वृत्तपत्रं आणि लोकांचा विश्वास’. हसू नका, हे मी घातलेलं नाही. सात-आठ दिवसांचा दौरा. मी पेपर घेऊन अंगणातून आत शिरत होते, तेव्हा ते गाडीत बसत होते. डोक्यावर कडक इस्त्रीची टोपी. गाडी गेली.

मी आत गेले आणि माईंच्या पायाशी बसले. “माई,” मी म्हणाले, “एक वंगाळ गोष्ट झाली. सांगू का नको, असं झालंय.”

“सांग.”

“भाऊसाहेब गाडीत बसताना त्यांच्या डोक्यावर कावळा बसला.”

आता तुम्हा आजकालच्या पोरांना यातलं काही कळायचं नाही. पण तेव्हा कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरणाचा सांगावा. त्याला तोडही होती. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी लांबच्या नातलगाला कळवायची. त्यानं खरोखर रडायचं. एकदा रडून झालं की मरण समजतं आपलं काम झालं, आणि निघून जातं. मग दुसरं पत्र टाकायचं, की सगळं क्षेम आहे.

माईंनी माझ्याकडं तोंड वळवलं. न दिसणारे डोळे, पण नजर मीच खाली घातली. “भामे, खरं सांगतेस?”

“माई, मी तुमच्याशी कधी खोटं बोलले का?”

“रोज बोलतेस.”

बाहेर खरोखरचा एक कावळा ओरडला. त्या वेळी मला त्याचा एवढा राग आला म्हणून सांगू!

“कार्ड घे,” माई म्हणाल्या.

“कुणाला लिहू? गडहिंग्लजच्या मावशींना?”

“नको. ती बहिरी आहे, तिला वाचून कोण दाखवणार? बार्शीला लिही. इंदूला.”

इंदूताई म्हणजे भाऊसाहेबांची धाकटी बहीण. गडहिंग्लजचं नाव मी नुसतं तोंडदेखलं घेतलं होतं; मनात जे घर धरून आले होते तेच माईंनी नाव घेऊन सांगितलं. कारण इंदूताईंचे धाकटे दीर हे ‘दवंडी’चे बार्शीचे वार्ताहर होते, आणि त्यांची बातमी थेट सोलापूरला जायची. मला वाटलं, देवच माझ्या बाजूनं आहे. तेव्हा मी देवाला असल्या कामांतही भागीदार करायचे.

मी लिहिलं: “भाऊचं सोमवारी सकाळी अकस्मात देहावसान झालं. – माई.” दोन ओळींत संपलं. कार्डाचा वरचा कोपरा फाडला, कारण मरणाचं कार्ड तसंच जातं. पोस्टमननं ते लांबून ओळखावं आणि दारातच आवाज हळू करावा म्हणून. दुसरं, क्षेमाचं कार्डही लगेच लिहून ठेवलं आणि रीतीप्रमाणं एक दिवस सोडून पेटीत टाकलं. तेवढं तरी मी प्रामाणिकपणानं केलं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता अंगणात पावलं वाजली. एकदोन नाही, पंधरा-वीस माणसांची. पुढं ‘दवंडी’चे संपादक चिंचाळकर, हातात हार, डोळे लाल. त्यांनी माईंच्या पायावर डोकं ठेवलं. “माई, आम्ही पोरके झालो.”

“का हो? काय झालं?” माई म्हणाल्या.

चिंचाळकर रडायचे थांबले. “सोलापूरच्या आवृत्तीत... भाऊसाहेब...”

“भाऊचा काल संध्याकाळी दिल्लीहून फोन आला होता. तिथल्या भाजीत गूळ नसतो म्हणून तक्रार करत होता.”

अंगणातल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. चिंचाळकरांच्या काखेत सोलापूरचा अंक होता, पेपरच्या गाडीवाल्याच्या हाती पहाटे आलेला. माई म्हणाल्या, “भामे, वाच.”

अहो, काय सांगू! काळी चौकट, पानभर. चार कॉलम फोटो. ‘दवंडी’चा आवाज हरपला! मी कार्डावर दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यांचे सोलापूरवाल्यांनी अडीच कॉलम केले होते. भाऊसाहेबांनी शेवटच्या क्षणी वाचकांची आठवण काढली होती. उशाशी गीता होती. “माझा पेपर थांबवू नका,” असं म्हणून त्यांनी प्राण सोडला होता. डॉक्टरांनाही अश्रू आवरले नव्हते. जन्मभर थापा मारत आलेली मी, पण वाचताना माझी मान खाली गेली. माझ्या बैलानं खुर्चीवर बसून रवंथ केलं होतं, पण तो कधी गीता वाचत नव्हता.

“यांनी मिरजेला फोन का नाही केला?” माईंनी विचारलं.

चिंचाळकरांनी हातातला हार पाठीमागं लपवला. “माई, साहेबांच्या घरची बातमी... विचारायचं नाही असा हुकूम आहे. आणि विचारणार तरी काय? साहेब गेले का, असं?”

“तुम्ही तरी आधी फोन का नाही केलात?”

“आम्हाला वाटलं दिल्लीत काही झालं असेल. पेपरात आलंय म्हटल्यावर...” एवढं बोलून तो बिचारा थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

दिल्लीत काय झालं ते मी बघितलेलं नाही. मी सांगताना नेहमी सांगते, की भाऊसाहेब भाषणाला उभे राहिले आणि अध्यक्षांनी सगळ्यांना त्यांच्यासाठीच दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं, आणि शिस्तीचा माणूस म्हणून तेही उभे राहिले. ते खरं असेलच असं नाही. पण ते रविवारी दुपारी घरी आले, ते मी या डोळ्यांनी बघितलं. दाढी वाढलेली, टोपी हातात. आले आणि आईच्या पलंगाच्या कडेला बसले.

“सोलापूर स्टेशनावर उतरलो,” ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. “म्हटलं कचेरीत जाऊन एकेकाची चामडी सोलतो. पानवाल्याकडं पान घेतलं. त्याच्या ठेल्यावर माझाच फोटो, हार घातलेला. मी म्हटलं, हा मी आहे. तो माझ्याकडं बघून म्हणाला, ‘पेपरात आलंय साहेब.’ मी म्हटलं, अरे, पण हा मी समोर उभा आहे. तो म्हणाला, ‘तुमच्यासारखे दिसत होते खरे.’ माई, मी अर्धा तास एका पानवाल्याला मी जिवंत असल्याचं पटवून देत होतो. शेवटी त्यानं ठीक आहे म्हटलं, पण फोटोवरचा हार काढला नाही.”

कुणी हसलं नाही. मला हसायचं होतं, पण जमलं नाही.

मग त्यांचा मूळचा आवाज परत आला. “उद्या तिन्ही... दोन्ही आवृत्त्यांत, पहिल्या पानावर, चार कॉलम. माझा हसरा फोटो. मी सुखरूप असल्याची ठळक बातमी आणि वाचकांची माफी.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “आणि बार्शीला गेलेलं ते कार्ड कुणी लिहिलं?”

“मी.”

“ही कावळ्याची रीत मलाही ठाऊक आहे. कावळा कुणी बघितला?”

“मीच.”

“भामाबाई, मी तुम्हाला पोलिसांत देऊ शकतो.”

“द्या की. माझा फोटो पहिल्या पानावर येईल. या खेपेला निदान खरंच गुन्हा केलेली बाई असेल.”

ते ताडकन उठले. तेवढ्यात माई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, भाजी काय करायची विचारतात तशा: “भाऊ, तू जिवंत आहेस, यात बातमी कसली? जिवंत तर सगळेच असतात. गुळाच्या भावाखाली टाक की तीन ओळी.”

उघड्या दारातून दिवाणखान्यातल्या मशिनीच्या कपाटाची काच तेवढी उन्हात चमकताना दिसत होती. भाऊसाहेब आईकडं बघत राहिले. मग माझ्याकडं. मग हातातल्या टोपीकडं. खूप वेळानं खाली बसले.

“हौसाचं नाव काय लिहिलं होतं आपण त्या तीन ओळींत?” त्यांनी विचारलं.

“हिराबाई,” मी म्हटलं.

सोमवारी ‘दवंडी’च्या पहिल्या पानावर दोन फोटो आले. डावीकडं भाऊसाहेब, उजवीकडं हौसाबाई, दोघंही तीन-तीन कॉलम, एका मापाचे. वर लिहिलं होतं: “आम्ही दोन माणसांबद्दल खोटं छापलं.” खाली हौसाबाईचं पूर्ण नाव, चाळीचा पत्ता, स्टँडवर खरं काय झालं ते, फौजदारांचं म्हणणं, आणि शेवटी: “विचारलं असतं तर कळलं असतं. आम्ही विचारलं नाही.” ही शेवटची ओळ भाऊसाहेबांनी स्वतः लिहिली होती, असं चिंचाळकर मला पुढं सांगत होते. साहेबांनी ती दोनदा खोडायला सांगितली आणि दोनदा परत घालायला सांगितली.

मी ते पान घेऊन हौसाबाईकडं धावले. तिनं ते हातात घेतलं, उलटंच. तिला फोटो तेवढा कळला. “ह्यात माजा पदर सरळ हाय,” ती म्हणाली आणि पान घडी करून तेलाच्या वाटीखाली ठेवलं. चौथ्या दिवशी कऱ्हाडच्या गाडीतून शालन उतरली, पोटाला हात लावून, मागं सासू पिशव्या घेऊन. हौसाबाईनं तिला काही विचारलं नाही. आधी तेल गरम करायला ठेवलं.

त्याच दिवशी मी माईंना पेपर वाचायला गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी दार लाव.” मी लावलं.

“भामे, कावळा बसला नव्हता.”

मी पेपर खाली ठेवला. “माई...”

“डोक्यावर कावळा बसला तर त्या माणसाला अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ घालतात. तुझ्या आजीनं तुला सांगितलं असेलच. तू त्याला कोरडा, इस्त्रीच्या टोपीनिशी गाडीत बसून जाऊ दिलंस. तेव्हाच कळलं.”

“मग मला कार्ड का लिहू दिलंत? बार्शीला का पाठवलंत?”

“तू हौसाची बातमी वाचलीस ना, त्या दिवशी त्यात एक अक्षर घातलं नव्हतंस,” त्या म्हणाल्या. “त्या दिवसापासून मी वाट बघत होते, तू कधी घालतेस त्याची.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

“इंदूचा हात मोडलाय,” त्या म्हणाल्या. “कार्ड वाचून पायरीवर पडली. तुझं दुसरं कार्ड पोहोचलं तेव्हा ती दवाखान्यात होती. दिराचं पत्र आलंय, चिंचाळकरांनी वाचून दाखवलं. पाप माझंही आहे, मीच तिचं नाव घेतलं. पण मला दिसत नाही, मी जाऊ शकत नाही. तू जा.”

“पत्र लिहिते ना, माई. आत्ता लिहिते.”

“पत्र नको, भामे. पत्रं पुष्कळ झाली.”

आणि इंदूताईंना ही कावळ्याची रीत ठाऊक नव्हती का? होती. मीही तोच विचार करत बार्शीच्या गाडीत बसले होते, की त्यांनी ओळखायला हवं होतं, थोडं थांबायला हवं होतं. पण कोपरा फाडलेलं कार्ड हातात आल्यावर कुणाला रीत आठवते? भाऊ आठवतो.

त्यांची गल्ली अरुंद, घराला घर चिकटलेलं. त्या ओट्यावर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले. आजूबाजूच्या बायका दारात आल्या. याच बायका त्या दिवशी त्यांच्याभोवती जमल्या असणार.

मी सांगितलं. कावळा बसला नव्हता, मी खोटं बोलले, हौसाबाईसाठी बोलले, तुमचा विचार केला नाही. एवढंच. जन्मात पहिल्यांदा मी गोष्ट सांगितली आणि ती इतकी छोटी निघाली.

इंदूताईंनी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे थेट माईंसारखे, फक्त यांना दिसत होतं. मग त्यांनी चांगला हात उचलून गल्लीच्या टोकाकडं दाखवला. तिथं पिंपळापलीकडं शेवटचं घर होतं, आणि त्याच्याही दारात एक म्हातारी उभी होती.

“परत सांग,” त्या म्हणाल्या. “मोठ्यानं सांग. तिथवर ऐकू गेलं नाही. माझं रडणं गेलं होतं.”

मी ओट्यावरून खाली उतरले, गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.